प्रश्न ड्रॅगनच्या संख्येचा नाहीच

'फँटसी गेममध्ये ड्रॅगन आता पुरे झाले' असं जे म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. 'स्कायरिम'चंच (2011) घ्या. व्हाइटरन शहराबाहेरच्या बुरुजापाशी पहिला ड्रॅगन पडतो, त्याचा आत्मा आपल्यात ओढला जातो, तेव्हा अंगावर काटा येतो. पुढे मात्र वेळी-अवेळी ड्रॅगन टपकायला लागतात. आपण लोहाराकडे तलवार विकायला निघालेलो आणि हे महाशय डोक्यावर घिरट्या घालतायत! खरं सांगायचं तर त्या गेममध्ये मला धास्ती असायची ती मॅमथ राखणाऱ्या राक्षसांची. एक सोटा बसला की आपण थेट आभाळात.

उलट 'एल्डन रिंग'मध्येही (2022) ड्रॅगन काही कमी नाहीत. पण तिथे तळ्यातल्या शेकोटीजवळ बेसावध गेलात की आगील नावाचा ड्रॅगन वरून धाडकन उतरतो. घोडा फिरवून पळ काढण्यावाचून गत्यंतर नसतं. पुढे कधीतरी त्याला मारलंत तर त्याचं काळीज मिळतं, ते चर्चमध्ये नेऊन खाल्लं की आग ओकायची विद्या आपल्याला येते. असं काही सुचत असेल तर खुशाल दहा ड्रॅगन ठेवा. नुसता हेल्थ बार (शत्रूचा उरलेला जीव दाखवणारी पट्टी) लांबवून पंख चिकटवायचे असतील, तर मात्र माझंही मत 'पुरे'लाच.