टॅली, एक्सेल आणि व्हॉट्सॲपच्या जागी एकच ईआरपी: सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रिकल पॅनेल बनवण्याचा आमचा घरचा धंदा आहे. ऑफिस साकीनाक्याला, कारखाना वसईला, तयार माल भिवंडीच्या गोडाऊनला. बिलं टॅलीत, स्टॉक एक्सेलमध्ये आणि ऑर्डरी सेल्सवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर. हे सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ईआरपीत, आणायचं आहे.

बिलिंगबद्दल तक्रार नाही. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) सक्तीची उलाढालीची मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली तेव्हा आम्हीही त्यात आलो, पण टॅलीतून आयआरएन (त्या पोर्टलचा बिल नंबर) निघतो, काम भागतं. घोळ आहे तो मालाचा. पत्र्याचे बॉक्स पावडर कोटिंगला जॉबवर्कवर (दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) बाहेर जातात. जाताना चलन बनतं. परत किती आले, रिजेक्ट किती, हे मात्र सुपरवायझरच्या वहीत. असा माल वर्षभरात परत आला नाही तर जीएसटीत तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात. उद्या कोणी हिशेब मागितला तर ती वही पुढे करायची का? आणि "माझं पॅनेल कधी?" असं गिऱ्हाईकाने विचारलं की तीन ठिकाणी फोन लावायचे, तीन उत्तरं ऐकायची.

ईआरपीनेक्स्ट, ओडू आणि एसएपी बिझनेस वनचे डेमो पाहिले. ईआरपीनेक्स्ट आपल्या मुंबईच्याच फ्रॅपेचं, ओपन सोर्स. लायसन्सचे पैसे नाहीत, पण सर्व्हर आणि बसवून देणाऱ्याची फी आहेच. डेमोत सगळं छानच चालतं. चलनातला अर्धाच माल परत आला तर शिल्लक कुठे दिसेल, असं विचारलं की "ते कस्टमाइझ करून देऊ". हे सगळ्यांचं पाठ केलेलं उत्तर!

काकांचं म्हणणं, हिशेब टॅलीतच राहू दे, नवीन सॉफ्टवेअर फक्त स्टॉक आणि प्रॉडक्शनला. मला ते पटत नाही. एकच एन्ट्री दोनदा करायची म्हटल्यावर महिन्याभरात दोन्हीकडचे आकडे वेगळे होणार. पण आमचे अकाउंटंट टॅली सोडायला तयार नाहीत, आणि त्यांना दुखवून चालणार नाही.

कोणी असा बदल केला आहे का? १ एप्रिलला सगळं एकदम सुरू करावं की टप्प्याटप्प्याने? आणि आयटम मास्टर (सगळ्या मालाच्या नावांची यादी) कोणी साफ करायचा? आमच्याकडे एकाच एमसीबीला (ट्रिप होणारा स्विच) खरेदीत एक नाव, स्टोअरला दुसरं.

प्रतिसाद
आमचं प्लास्टिक मोल्डिंग, ठाण्याला. आयटम मास्टर व्हेंडरच्या गळ्यात मारू नका. स्टोअरकीपर आणि खरेदीवाला यांना एकत्र बसवा, त्यांच्याशिवाय ते कोणालाच जमणार नाही. जुने व्यवहार आणू नका. ओपनिंग बॅलन्स, चालू ऑर्डरी आणि बाहेर असलेला जॉबवर्कचा माल एवढंच चढवा. १ एप्रिल हिशेबाला सोयीचा, पण मार्चअखेरीला अकाउंटंटला श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून स्टॉक आधी, हिशेब मागाहून. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर बंद न करता येणारा एडिट लॉग (हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद) बघूनच घ्या, एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. आणि डेमोला तुमचीच जुनी चलनं द्या, त्यांचा नमुना डेटा नको.

धागाकर्ता
आभार! आहोत प्रायव्हेट लिमिटेडच. स्टॉक मोजायला कारखाना बंद ठेवावा लागला का, की चालू शिफ्टमध्ये जमलं?