उंच विदर्स, अरुंद अंग, आखूड पाठ: मारवाडी घोडीला खोगीर बसेना

टापांचा_आवाज
मारवाडी घोडी, वय ७, उंची १५० सेंमी. विदर्स (मान आणि पाठीच्या जोडावरचा, खांद्यांमधला उंचवटा) उंच आणि धारदार, फऱ्यामागे (खांद्यामागे) दोन्ही बाजूंना खळगे, पाठ आखूड. खोगीर कानपूरचं, जनरल पर्पज, १७ इंची सीट, मिडियम ट्री (खोगिराच्या आतला कडक सांगाडा). पुढून खाली बसतं आणि विदर्सला टेकतं. म्हणून खाली दोन नमदे (दाबलेल्या लोकरीच्या गाद्या) घातले, तर अर्ध्या तासात मागे घसरतं. तंग (पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येते. विदर्सखाली डावीकडे रुपयाएवढे पांढरे केस आलेत. माझं वजन ६८ किलो, आठवड्यातून तीनदा कच्च्या रस्त्याने ८-१० किमी. जेल पॅड घेऊ की खोगीरच बदलू?

तोबरा
जेल पॅड नको. पुढून खाली बसतं आणि विदर्सला टेकतं, म्हणजे ट्री रुंद आहे. ट्री अरुंद असती तर पुढचा भाग वर राहून तुम्ही मागे कलंडला असता. रुंद ट्रीखाली नमदे रचले की खोगीर उंच होतं, पण पकड जाते, मग ते सरकतं आणि सरकू नये म्हणून आपण तंग अजून आवळतो. चावणं बहुधा त्यातूनच आलंय.

आधी माप घ्या. आर्किटेक्टचं सामान मिळतं तिथे वाकवली तशी राहणारी लवचिक पट्टी मिळते, ६० सेंमीची घ्या. घोडी सपाट जमिनीवर, चारी पाय सरळ, मान ना वर ना खाली. पहिलं माप फऱ्याच्या हाडामागे तीन बोटं सोडून, दुसरं पाठीच्या सर्वात खोल जागी, तिसरं शेवटच्या बरगडीवर. चौथं लांबीचं, विदर्सपासून मागे कण्यावरून. प्रत्येक आकार पुठ्ठ्यावर उतरवा, त्यावर तारीख आणि डावी-उजवी बाजू लिहा. पहिल्या मापाचा पुठ्ठा कापून खोगिराच्या पुढच्या कमानीत आतून धरा, नमदा न घालता. वर छताला टेकला तर ट्री रुंद. खाली अडकून वर मोठी फट राहिली तर अरुंद. 'मिडियम' या शब्दावर जाऊ नका, एकाचं मिडियम दुसऱ्याचं नॅरो असतं.

पागेवाली
एक गोष्ट राहिली. ते खळगे जन्मजात आहेत असं धरू नका. चुकीच्या दाबाने तिथला स्नायू सुकतो. आजच्या खळग्याला घट्ट बसेल अशी ट्री घेतली तर स्नायू भरायला जागाच उरत नाही आणि वर्षभरात तेच खोगीर चावायला लागतं. कोन आणि रुंदी भरलेल्या अंगाची धरा, आजची पोकळी तात्पुरती भरा. त्यासाठी ५ ते ८ मिमी जाडीचे नमद्याचे तुकडे, कडा तासून निमुळत्या केलेले, खिसे असलेल्या पॅडमध्ये. बोथट कडेचा तुकडा स्वतःच नवा दाब देतो.

पांढऱ्या केसांची जागा दुखते का ते पशुवैद्याला दाखवा. तोवर स्वारी बंद, लांब दोरावर चालवा. केसांचा रंग बहुतेक वेळा परत येत नाही, तो जुना डाग समजा. डाग वाढतोय का, हे महत्त्वाचं.

आणि खोगीर बहुतेक लोक फार पुढे ठेवतात. पाय पुढे पडला की फऱ्याच्या हाडाचा वरचा भाग मागे येतो. खोगीर विदर्सवर ठेवून मागे सरकवा, आपोआप थांबेल तीच जागा.

नमदा_आणि_तंग
कानपूरला नवीन सांगणार असाल तर पुठ्ठे पाठवा, नुसता 'मारवाडीसाठी' असा निरोप नको. मागणी अशी लिहा: पुढची कमान मागे कापलेली (कटबॅक), पॅनलमध्ये (पाठीवर टेकणाऱ्या खालच्या गाद्यांत) फोम नको, लोकर, दोन पॅनलमधली नाळ (कण्यावरची मोकळी पन्हळ) सर्वत्र किमान ६-७ सेंमी, पॅनलचं मागचं टोक वर उचललेलं. बरगड्यांच्या १८ जोड्या, शेवटच्या बरगडीपलीकडे वजन जाता कामा नये. आखूड पाठीवर १७ इंची सीट बसते का, हे सीटवरून नाही, पॅनलच्या लांबीवरून कळतं. बदलता येणारी गलेट पट्टी (पुढच्या कमानीची रुंदी ठरवणारी) मिळाली तर उत्तम.

लोकर दबते, म्हणून नवं खोगीर रिकामं असताना विदर्सवर तीन बोटं मोकळी हवीत, स्वार बसल्यावर किमान दोन. नुसतं वरून पाहू नका, विदर्सच्या बाजूंनाही हात घालून बघा. 'खोगीरभरती' शब्द भाषेत टाकाऊ गोष्टीला वापरतात, इथे मात्र सगळा खेळ भरतीचाच. गाठ झाली तर पाठ गेली. तीन महिन्यांनी भरती तपासून घ्या.

ट्रीलेस (ट्री नसलेलं खोगीर) घेऊ नका. बहुतेकांत कडक कमान नसल्यामुळे अशा विदर्सवर ते टेकायची भीती असते.

टापांचा_आवाज
माप घेतलं. पुठ्ठा छताला टेकला, म्हणजे रुंदच. पण उजवा फरा डाव्यापेक्षा भरलेला आहे, १ सेंमीचा फरक. दुमची (शेपटीखालून खोगिराला बांधायचा पट्टा) लावली तर मागे सरकणं थांबेल का?

तोबरा
दुमची पुढे सरकण्यासाठी. मागे जाणाऱ्याला पेशबंद (छातीवरचा पट्टा), तोही आधी ट्री नीट करून, नाहीतर ओढ छातीवर येते. डाव्या-उजव्यात थोडा फरक बऱ्याच घोड्यांत असतो. ट्री भरलेल्या बाजूची धरा, रिकाम्या बाजूला पॅडमध्ये एक तुकडा जास्त. उलटं केलंत तर भरलेला फरा अडकतो.

पहिल्या स्वारीला खाली पातळ पांढरं सुती कापड घाला, २५-३० मिनिटं फिरवा. घामाच्या मधोमध कोरडा ठिपका आला तर तिथे एकतर फार दाब आहे किंवा पॅनल टेकतच नाही. खोगीर चढवून सपाट हात आत सरकवला की कोणतं ते समजतं. मधे पोकळ आणि पुढेमागे टेकलेलं असेल तर परत भरतीवाल्याकडे. उतरवल्यावर लगेच पाठ धुऊ नका. सूज १५-२० मिनिटांनी वर येते, तेव्हा हात फिरवा.