अटलांटिक किनाऱ्याच्या गटात बर्कली? कॉलेज खेळाडूंच्या या प्रवासाला काही ताळतंत्र?

सॅनहोजेकरीण
अमेरिकेतल्या कॉलेज-खेळात कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा गट, आणि हंगामातले बहुतेक सामने गटातल्या गटात होतात. पश्चिम किनाऱ्याचा गट १९१५ पासूनचा, अलीकडचं नाव पॅक-१२. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या यूसीएलए आणि यूएससी या विद्यापीठांनी तो सोडून मध्य-पश्चिमेच्या बिग टेन गटात जायचं जाहीर केलं. सव्वा वर्षात बाकीचेही बहुतेक पांगले. कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली तर चक्क 'अटलांटिक कोस्ट' गटात! नावात महासागर आहे हो, आणि तो यांचा नव्हे.

माझी भाची पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात व्हॉलीबॉल खेळते (नाव नको). गेल्या हंगामात रविवारचा सामना आटोपून, मध्ये विमान बदलून, रात्री दीडला उतरली. पूर्वेच्या घड्याळात साडेचार. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली, आणि सकाळी आठला केमिस्ट्रीची लॅब. एक चाचणी तिने हॉटेलच्या कॉन्फरन्स रूममध्ये दिली. कॉन्फरन्सचा तेवढाच काय तो फायदा.

फुटबॉलवाले (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) आठवड्याला एक सामना खेळतात, तोही खास विमानाने जाऊन. गट बदलला त्यांच्या टीव्ही हक्कांसाठी, फरफट बाकीच्यांची.

हिशेबनीस
असहमत. भाचीची स्कॉलरशिप कुठून येते? व्हॉलीबॉलच्या तिकिटांतून नक्कीच नाही. २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस, एनबीसी या टीव्ही वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरच्या वरचा. यूसीएलएच्या क्रीडा विभागात तेव्हा दहा कोटी डॉलरच्या वर तूट साचली होती. ती भरली नसती तर आधी कुऱ्हाड कुणावर पडली असती? स्टॅनफर्डने २०२० मध्ये एका फटक्यात ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं होतं. माजी खेळाडूंनी रान उठवलं म्हणून पुढच्या वर्षी निर्णय मागे घेतला. दीडला का होईना, विमान उतरतंय तरी. संघच नसेल तर?

सॅनहोजेकरीण
स्टॅनफर्डचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं केलंत. नव्या गटात स्टॅनफर्ड-बर्कलीला पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला पूर्ण वाटा नाही, फक्त ३० टक्के. डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं काहीच न घेता प्रवेश मिळवला! आणि यूसीएलए गेल्याने बर्कलीचं नुकसान झालं म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (दोन्ही त्याच्याच शाखा) नियामक मंडळाने यूसीएलएला वर्षाला एक कोटी डॉलर बर्कलीला द्यायला लावले. घटस्फोटाची पोटगीच म्हणा. हा कसला हिशेब?

जुना कबड्डीपटू
आमच्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांना विभाग असतात. पश्चिम विभाग म्हणजे पश्चिमेचीच विद्यापीठं, कुणी उठून पूर्व विभागात जात नाही. १९९१ साली विभागीय स्पर्धेला जाताना आम्ही जनरल डब्यात दाराशी पेपर अंथरून रात्र काढली. त्यामुळे विमानप्रवासाचं रडगाणं वाचून आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण आमचं ते वर्षातून एकदा. दर दुसऱ्या आठवड्याला असं जायचं तर मी कबड्डी सोडली असती, नाहीतर बीकॉम.

हिशेबनीस
म्हणूनच नियामक मंडळाने यूसीएलएला खेळाडूंचं जेवण, अभ्यासाची मदत, खास विमानं यांवर जादा खर्च करायलाही सांगितलं. आणि जवळपास राहायचा हट्ट धरून भागतं का? पॅक-१२ मधल्याच ओरेगन स्टेटला कुठल्याच मोठ्या गटाने घेतलं नाही. त्यांचा बेसबॉल संघ २०२५ मध्ये बिनगटाचा खेळला. बिनगटाच्या संघाला जो बोलावेल तिकडे जावं लागतं, त्यामुळे पायपीट टळलीच नाही.

सॅनहोजेकरीण
आणि तोच संघ ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे देशातल्या शेवटच्या आठ संघांत पोचला, ते सांगायचं राहिलं तुमचं!

शनिवारचा प्रेक्षक
दोघंही एकाच गाठीवर अडलाय. फुटबॉलचा गट वेगळा करा, तो जाऊ दे कुठेही. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, पोहणं शेजारच्या कॉलेजांशी खेळू दे. नोत्र दाम विद्यापीठ कित्येक वर्षं असंच करतं: फुटबॉल स्वतंत्र, बहुतेक खेळ अटलांटिक कोस्टमध्ये.

हिशेबनीस
नोत्र दामला ते परवडतं, एनबीसी त्यांचे घरचे फुटबॉल सामने १९९१ पासून दाखवतंय. इतरांनी तसं मागितलं तर गट म्हणेल, सगळे खेळ आणा नाहीतर बसा बाहेर. शिवाय बास्केटबॉल कुठल्या पारड्यात टाकणार? त्याचेही हक्क विकले जातात.

सॅनहोजेकरीण
बास्केटबॉल न्या हवं तर फुटबॉलबरोबर. माझं भांडण बाकीच्या वीस-बावीस संघांसाठी आहे. भाचीला हा धागा पाठवलाय. अजून वाचला नाही, विमानात आहे.