मदत हवी आहे: मुलाचा दमा, वाढलेले इओसिनोफिल. प्रतिकारशक्ती कमी की जास्त?

नमस्कार. मुलगा ११ वर्षांचा, राहायला लालबागला, चाळीत. तीन वर्षं झाली, पाऊस लागला की रात्री दोन-अडीचला खोकल्याची उबळ आणि छातीत घरघर ठरलेली. यंदा जुलैत एवढी धाप लागली की बोलताही येईना, टॅक्सीने हॉस्पिटल गाठलं.

रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ९,०००, त्यात इओसिनोफिल ८ टक्के, म्हणजे ७२०. कमाल ५०० लिहिलंय. आयजीईपण (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) वाढलंय. डॉक्टरांनी स्टिरॉइडचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून रोज दोनदा द्यायला सांगितलाय.

सासूबाईंना वाटतं पोराची प्रतिकारशक्तीच कमी आहे, काढा आणि च्यवनप्राश द्यावा, स्टिरॉइडने आहे तीही जाईल. त्यांची काळजी मला कळते. पण मी वाचलं ते उलटंच. झुरळांची घाण, गादीतले धुळीचे किडे, भिंतीवरची बुरशी श्वासातून गेली की टी-हेल्पर २ नावाच्या प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांना शत्रू धरतात. त्यांच्या आयएल-४ या निरोपावरून बी पेशी आयजीई बनवतात आणि ते मास्ट पेशींवर जाऊन चिकटतं. पुन्हा तीच धूळ आली की मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामाइन आणि ल्युकोट्राइन सोडतात आणि श्वासनळ्या आवळतात. आयएल-५ मुळे अस्थिमज्जेत इओसिनोफिल वाढतात. ते खरे जंतांशी लढणारे, पण इथे नळ्यांच्या अस्तरालाच इजा करतात. मग प्रतिकारशक्ती आणखी वाढवायची कशाला?

मला विचारायचंय ते असं. महिनाभर पंप दिल्यावर खोकला थांबलाय, आता बंद करू का? शेजारी म्हणतात धाप लागली की घ्यायचा निळा पंप पुरे. आणि आयएल-५ अडवणारं मेपोलिझुमॅब इंजेक्शन असतं म्हणे, ते लागेल का? कुणाच्या मुलाला असा त्रास असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, माझ्या मुलीला सहा वर्षं दमा आहे, आम्ही मुलुंडला. तुम्ही बरोबर समजलात. पंप मनाने बंद करू नका, हे आधी सांगते. आम्ही ती चूक केली आणि तीन आठवड्यांत तिला ॲडमिट करावं लागलं. खोकला थांबला तरी आतली सूज राहते.

निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल नळीचे आवळलेले स्नायू सैल करतं, इओसिनोफिलना काहीच करत नाही. त्यांना आवरतं ते स्टिरॉइड. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीसारखा मिलिग्रॅममध्ये नाही, आणि तो मुख्यतः फुप्फुसातच काम करतो. घेतल्यावर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात बुरशी येऊ शकते. उंची किंचित कमी भरू शकते, ती दर भेटीत मोजून घ्या.

इंजेक्शन रोजच्या औषधांनीही न आवरणाऱ्या गंभीर दम्यासाठी असतं. जंतांनीही इओसिनोफिल वाढतात, तेव्हा शौचाची तपासणी करायची का हे डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ती

मनापासून आभार. पंप चालूच ठेवते, सासूबाईंना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत नेते. एक राहिलंच: गणपतीत तो दिवसभर मंडपात असतो, धूप आणि गुलाल दोन्ही. पाठवू का?

प्रतिसाद

डॉक्टरांना विचारून पाठवा. धूप आणि गुलालापासून लांब उभा राहू दे, निळा पंप त्याच्या खिशात हवा. तो कसा द्यायचा हे मंडळातल्या एखाद्या दादाला दाखवून ठेवा.