ऊर्जा आणि पर्यावरण कायद्यात नव्याने उतरणाऱ्या वकिलाची व्यावसायिक पार्श्वभूमी

प्रश्न – नवोदित वकील

नमस्कार. सनद मिळाल्यापासून मी दिवाणी बाजूच्या एका चेंबरमध्ये ज्युनियर म्हणून काम करतो. बहुतेक काम जमिनीच्या दाव्यांचे असते. मात्र त्यातच पवनऊर्जा प्रकल्पाच्या भाडेपट्ट्याचा एक वाद आणि कारखान्याच्या सांडपाण्यासंबंधी राष्ट्रीय हरित लवादापुढील (पर्यावरणाच्या वादांसाठीच्या न्यायाधिकरणापुढील) एक अर्ज अशी दोन प्रकरणे माझ्याकडे आली, आणि यापुढे याच क्षेत्रात काम करावे असे मनापासून वाटू लागले. या क्षेत्रातील कार्यालयांकडे अर्ज करताना माझी पार्श्वभूमी कशी मांडावी? एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) आवश्यक आहे का? ऊर्जा आणि पर्यावरण ही दोन्ही क्षेत्रे एकत्र सांगावीत, की एकच निवडावे?

उत्तर – वीज आयोगापुढे काम करणारी वकील

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. ही दोन क्षेत्रे तुम्ही वेगळी ठेवू म्हटले तरी प्रकल्प ती वेगळी ठेवू देत नाही. माळढोक पक्ष्याचे प्रकरण पाहा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये राजस्थान आणि गुजरातमधील माळढोकच्या अधिवासात वीजवाहिन्या शक्य तेथे भूमिगत करण्याचे निर्देश दिले, आणि मार्च 2024 मध्ये तेच निर्देश बदलून हा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवताना हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 14 आणि 21 मध्ये अंतर्भूत असल्याचे म्हटले. ज्याला पारेषण वाहिनीचा खर्च कळतो आणि वन्यजीवांचा कायदाही वाचता येतो, अशा वकिलाची गरज तेथे दोन्ही बाजूंना होती.

आता पार्श्वभूमीविषयी. 'ऊर्जा कायद्याचा अनुभव' या तीन शब्दांनी कोणालाच काही कळत नाही. विद्युत अधिनियम, 2003 खालील कोणत्या कलमाचे, कोणत्या मंचापुढचे आणि कोणत्या टप्प्यावरचे काम तुम्ही केले, ते लिहा. कलम 62 खालील दरनिश्चिती आणि कलम 63 खालील स्पर्धात्मक बोलीने ठरलेल्या दराची स्वीकृती यांत काम करण्याची पद्धतच निराळी आहे. परवानाधारक आणि वीजनिर्मिती कंपनी यांच्यातील वाद कलम 86 खाली राज्य वीज नियामक आयोगापुढे जातो. तेथून अपील कलम 111 प्रमाणे 45 दिवसांत विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे आणि पुढे कलम 125 खाली सर्वोच्च न्यायालयात जाते. ही साखळी ज्याला ठाऊक आहे, त्याचा अर्ज पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतो.

ज्युनियरच्या कामाचे एक उदाहरण देते. जुलै 2018 मध्ये आयात सौर पॅनेलवर 25 टक्के सेफगार्ड ड्युटी (देशी उद्योगाच्या संरक्षणासाठीचे आयात शुल्क) लागली आणि वीज खरेदी करारातील 'कायद्यातील बदल' या कलमाखाली विकासकांनी भरपाई मागितली. कायद्याचा मुद्दा थोड्याच पानांत संपत असे. खरा कस लागला तो प्रत्येक बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचे सीमाशुल्क विवरणपत्र), त्यावरील पॅनेलची संख्या, पुरवठादाराचे बीजक आणि लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र हे सारे त्या एकाच प्रकल्पाचे आहे, हे जुळवून दाखवताना. असे तक्ते ज्याने स्वतः तयार केले असतील, त्याने ते संकोच न करता आपल्या परिचयात लिहावे. सोबत सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा एनर्जी वॉचडॉग प्रकरणातील निकाल मुळातून वाचा, कारण इंडोनेशियातील कोळशाची दरवाढ फोर्स मॅज्यूर (करार पाळणे अशक्य करणारी, आवाक्याबाहेरची घटना) का ठरली नाही आणि देशांतर्गत कोळसा पुरवठ्यातील धोरणबदल मात्र कायद्यातील बदल का ठरला, हा भेद मुलाखतीत विचारण्याजोगा आहे.

उत्तर – हरित लवादापुढे काम करणारा वकील

वरील उत्तराशी सहमत आहे. पर्यावरणाच्या बाजूने सांगायचे तर सर्वात आधी मुदतीचे गणित पक्के करा. राष्ट्रीय हरित लवाद अधिनियम, 2010 खाली पर्यावरणविषयक वादाच्या कलम 14 च्या अर्जाला सहा महिने, कलम 15 खालील भरपाईच्या अर्जाला पाच वर्षे आणि कलम 16 च्या अपिलाला 30 दिवस मिळतात. पुरेसे कारण दाखवल्यास प्रत्येकात 60 दिवसांपर्यंतचा विलंब माफ होतो, त्यापुढे लवादाला अधिकार नाही. पर्यावरण मंजुरी नेमकी कधी 'कळवली' गेली, संकेतस्थळावर चढवली तेव्हा की वृत्तपत्रात जाहिरात आली तेव्हा, एवढ्या एका तारखेवर अपील टिकते किंवा पडते. सांडपाण्याच्या अर्जात तुम्ही नमुन्यांचे प्रयोगशाळा अहवाल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील अटी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या असतील, तर तोच तुमचा अनुभव आहे आणि तो तसाच लिहा.

एलएलएमविषयी माझे मत थोडे कठोर आहे. अध्यापन किंवा धोरणविषयक संशोधन करायचे नसेल, तर त्याआधी काही काळ लवादाच्या पुण्यातील पश्चिम विभागीय पीठापुढची कामकाजाची यादी नियमित पाहा आणि पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेखालील एका तरी प्रकल्पाचा संपूर्ण मूल्यांकन अहवाल जनसुनावणीच्या इतिवृत्तासह वाचून काढा.

उत्तर – अभियांत्रिकीकडून वकिलीकडे आलेला सदस्य

अभियंता असणे मुळीच सक्तीचे नाही. पण मेगावॉट आणि युनिट यांतला फरक, भारांक (लोड फॅक्टर) म्हणजे काय आणि क्रॉस सबसिडी अधिभार (एका ग्राहकवर्गाकडून दुसऱ्याला मिळणारी सवलत भरून काढण्यासाठीचा आकार) कोणावर पडतो, हे न अडखळता सांगता आले पाहिजे. राज्य आयोगाच्या वीजदर याचिकांवर जाहीर सूचना-हरकती मागवल्या जातात. त्यातील एका याचिकेवर स्वतः अभ्यासपूर्ण हरकत दाखल करा; त्याला कोणत्याही कार्यालयाची परवानगी लागत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचा मनापासून आभारी आहे. एक शंका उरते. परिचयात पक्षकारांची नावे द्यावीत का?

उत्तर – वीज आयोगापुढे काम करणारी वकील

देऊ नका. आदेश जाहीर असला, तरी पक्षकाराने तुम्हाला काय सांगितले ते जाहीर नसते. 'पश्चिम भारतातील पवनऊर्जा प्रकल्पाच्या वतीने भाडेपट्ट्याच्या वादात कैफियतीचा मसुदा' एवढे पुरेसे आहे. हाच मजकूर संकेतस्थळावर टाकणार असाल, तर वकिलांना जाहिरात करण्यास मनाई करणारा बार कौन्सिलचा नियम 36 आधी पाहा; 2008 च्या दुरुस्तीनंतरही तेथे नाव, संपर्क, नोंदणीचा तपशील, शैक्षणिक व व्यावसायिक अर्हता आणि कामाचे क्षेत्र एवढीच माहिती देण्याची मुभा आहे, त्यामुळे प्रकरणांचे वर्णन फक्त अर्जासोबतच्या कागदावर ठेवा.