होलोग्राम म्हणजे सही नव्हे! (बेसबॉलच्या सह्यांवरच्या ‘त्या’ लेखाला उत्तर)

कुंपणकर

परवा ‘डॉलरवाला’ यांनी इथेच लिहिलं: "मैदानाच्या कुंपणाला लटकून खेळाडूंकडे सह्या मागणं ही भीकच. ज्याला बेसबॉलवाल्याची सही हवी त्याने होलोग्रामवाला चेंडू विकत घ्यावा, पेटीत ठेवावा, विषय संपला. टपालाने मागवलेल्या सह्या म्हणजे रद्दी." तिथेच उत्तर देणार होतो, पण ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

होलोग्राम, म्हणजे सही अस्सल असल्याचा चकाकता स्टिकर. पण होलोग्राम होलोग्राममध्ये फरक असतो, मालक. एमएलबीचा (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा) स्वतःचा प्रमाणनाचा कार्यक्रम २००१ पासून आहे आणि त्याचं तत्त्व एकच: प्रमाणित करणारा माणूस (बहुतेक आजी-माजी पोलीस) समोर हजर हवा. त्याच्या डोळ्यांदेखत सही झाली तरच स्टिकर. नंतर कितीही अस्सल चेंडू घेऊन जा, ते हात लावत नाहीत. पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासणाऱ्या खासगी कंपन्यांचा नेहमीचा स्टिकर म्हणजे नमुन्यांशी ताडून दिलेलं मत. अभ्यासू मत, पण मतच. तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरलीत.

दुसरं, नुसत्या प्रमाणपत्राची किंमत. एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये ऑक्टोबर १९९९ ला सॅन डिएगोकडच्या खोट्या सह्यांच्या टोळीवर छापे पडले. त्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा होते. आणि मालाला प्रमाणपत्रं? होती की, छापून घेतलेली.

आता तुमची ‘रद्दी’. टपालाने सही मागवायची पद्धत ठरलेली आहे. पत्र अर्धं पान, हाताने लिहिलेलं. सहीसाठी खेळाडूच्या फोटोची कार्डं दोनच. तिकीट लावून आपला पत्ता घातलेलं परतीचं पाकीट तिघडी करून आत. कार्ड पेनी स्लीव्हमध्ये (पातळ प्लास्टिकच्या पिशवीत) घालून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं कव्हर) नको, पाकीट वाकलं नाही तर यंत्रातून जात नाही आणि जादा टपालखर्च पडतो. पत्ता संघाच्या स्प्रिंग ट्रेनिंगच्या (हंगामाआधीच्या सरावाच्या) मैदानाचा, फ्लोरिडा किंवा ॲरिझोना. पिचर (चेंडू फेकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) फेब्रुवारीच्या मध्याला येतात, त्याआधी पत्र तिथे पोचलेलं असावं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर टाकलंत तर ते संघाबरोबर हिंडत बसतं. एवढं केलं तर मधल्या फळीतले खेळाडू सही करून पाठवतात. फुकट.

डॉलरवाला

फुकट! तिकिटं, पाकिटं, कार्डं धरा आणि न आलेली उत्तरंही धरा. शिवाय आलेली सही खेळाडूचीच कशावरून? सेक्रेटरीची असेल, ऑटोपेनची (सही गिरवणाऱ्या यंत्राची) असेल, नाहीतर छापील कार्ड असेल. जुन्या काळी संघाच्या चेंडूंवर क्लबहाउसमधली (खेळाडूंच्या खोलीत काम करणारी) पोरं बड्या खेळाडूंच्या सह्या ठोकायची, हे जगजाहीर आहे. तुमच्या पाकिटाच्या त्या टोकाला कोण बसलंय ते तुम्हाला दिसतं का? एमएलबीवाल्याला दिसतं. एवढाच माझा मुद्दा होता आणि तो तुम्हीच वर सिद्ध करून दिलात. आभार.

शाईवाला

छापील आणि ऑटोपेन ओळखायला स्टिकर लागत नाही, दहापट भिंग पुरतं. छापील सही भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांची दिसते आणि शाई कागदाच्या वर बसलेली नसते. ऑटोपेनची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, दोन्ही टोकांना टिंब, मध्ये दाब कमीजास्त नाही. खात्री करायची तर त्याच खेळाडूची दुसरी सही मिळवा आणि स्क्रीनवर एकावर एक ठेवा. तंतोतंत जुळल्या तर यंत्र. माणसाची सही दोनदा सारखी येत नाही. सेक्रेटरीचं हस्ताक्षर मात्र अवघड, तिथे डॉलरवाल्यांना अर्धा गुण.

पण मूळ धाग्यात कुंपणकरांनी पेनाबद्दल चकार शब्द काढला नाही. निम्मे चेंडू पेनानेच बाद होतात. चेंडूवर निळं बॉलपेन, मध्यम टोकाचं. शार्पी (पक्क्या शाईचा मार्कर) नाही. चामडं शाई पिऊन टाकतं, रेघ पसरते आणि काही वर्षांत अक्षराभोवती पिवळट छटा येते. जेलपेन पुसलं जातं आणि उडतंही लवकर.

जर्सीकर

झालं सुरू. शार्पी वाईट, शार्पी वाईट! बॅटवर काय बॉलपेन चालवणार? काळ्या बॅटवर चंदेरी पेंट पेन, आधी हलवून, टोक रद्दी कागदावर दाबून शाई उतरवलेलं. जर्सीवर शार्पीच, कापड मागून पुठ्ठ्यावर ताणून, नाहीतर टोक अडकतं आणि अक्षर तुटतं. फोटोवर शार्पी. गुळगुळीत क्रोम कार्डावरही शार्पीच, फक्त आधी बेबी पावडरचा हलका हात फिरवून पुसून घ्यायचं, नाहीतर शाईचे मणी होतात.

शाईवाला

मी चेंडूबद्दल बोललो. वाचा परत.

जर्सीकर

वाचलं. पण कुंपणापाशी खेळाडूकडे तीन सेकंद असतात, त्याच्या हातात स्वतःचा शार्पी असतो. तुम्ही काय त्याला थांबवून चामड्याचं शास्त्र सांगणार?

शाईवाला

शास्त्र सांगायचं नसतं, तयारी करायची असते. पेन उघडं, आधी कागदावर गिरगटून शाई चालू केलेलं. चेंडू असा धरायचा की शिवणी जिथे सर्वांत जवळ येतात ती मोकळी जागा, स्वीट स्पॉट, वर येईल आणि त्याच्याकडे सरळ असेल. पेन चेंडूवरच आडवं धरून पुढे करा, म्हणजे दोन्ही एकदम हातात जातात. आपल्या दुसऱ्या हातात शार्पी दिसता कामा नये, दिसला की तोच उचलतात.

नेटवैतागी

कसलं पेन आणि कसला स्पॉट. चेंडू द्यायचा कुठून? २०१८ पासून सगळ्या ३० मैदानांवर डगआउटच्या (खेळाडूंच्या बाकांच्या) टोकापर्यंत जाळी आहे, पुढे तीही लांबली. रेषेबाहेर उडालेल्या फाउल चेंडूने माणसं जखमी होत होती, कबूल. पण सही करणाऱ्याला आणि घेणाऱ्याला मध्ये जाळी घालून दूर केलं. एखादं दार ठेवायला काय झालं होतं?

कुंपणकर

जाळीच्या पलीकडे जा ना! आउटफिल्डच्या (मैदानाच्या लांबच्या भागाच्या) कोपऱ्यात, फाउल लाइनच्या (बाजूच्या सीमारेषेच्या) कडेला. पिचर लांब फेकीचा सराव संपवून तिथूनच परततात. आणि यजमान संघ पहिल्यांदा बॅटिंगचा सराव करतो; दारं उघडेपर्यंत बऱ्याच ठिकाणी त्यांचं आटपलेलं असतं. म्हणून पाहुण्यांच्या बाजूला उभं राहा. सगळ्यांत सोपं म्हणजे मायनर लीग, एमएलबीच्या खालची पातळी: जाळी कमी, गर्दी कमी.

डॉलरवाला

आणि मायनरमध्ये घेतलेल्या शंभरातल्या नव्वद सह्यांना पुढे कुणी विचारत नाही. आजचा सगळ्यांत मोठा तारा ओहतानी, त्याचा प्रमाणित चेंडू चार आकडी डॉलरला जातो, तुमच्या आउटफिल्डच्या कोपऱ्यातला जाईल का?

पाटीपेन्सिल

सगळं विकण्यावरच का येतं इथे? म्हणूनच खेळाडू हल्ली नाव विचारून ‘टू अमुकतमुक’ लिहितात, म्हणजे चेंडू बाजारात जाऊ नये. नाव घातलं की भाव पडतो म्हणून विक्रेते तोंड वेंगाडतात आणि लहान पोरांना चेंडू देऊन पुढे ढकलतात. पोराला खेळाडूचं नावसुद्धा माहीत नसतं. कुंपणापाशी वातावरण नासवलं ते यांनीच.

बाकी डॉलरवाल्यांना एक प्रश्न. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे दोघे, नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघाने करारबद्ध केले. खेळले मायनरमध्येच. आपल्यापैकी कुणाला त्यांची सही हवी असेल तर ताडून बघायला नमुने किती असणार? ती फ्लोरिडातल्या कुंपणापाशी घेतलेलीच खरी.

शाईवाला

नावाचा मुद्दा बरोबर, पण कृपा करून कुणी ते नाव चेंडूवरून ‘काढायला’ जाऊ नका. खोडरबर, स्पिरिट, ब्लीच, सगळं चालतं लोकांचं. चामड्याचा वरचा थर खरवडला जातो, त्या जागी उजेड वेगळा परततो आणि तिरप्या टॉर्चमध्ये लगेच दिसतं. पूर्वी लोक चेंडूवर शेलॅक (लाखेचं वार्निश) चोपडायचे, सही टिकावी म्हणून. शेलॅक पिवळं पडून तडकतं आणि तडकताना शाई घेऊन निघतं. उन्हात ठेवू नका. यूव्ही पेटी (अतिनील किरण अडवणारी) म्हणजे चिलखत नाही, ती ऊन कमी करते, थांबवत नाही. कपाट आतल्या भिंतीला, आर्द्रता ४०-५० टक्के, चेंडू हातात घ्यायचा तर शिवणीवर धरून. तळहाताचं तेल महिनोन् महिने दिसत नाही आणि मग तपकिरी डाग होऊन वर येतं.

जर्सीकर

सूक्ष्मदर्शक घेऊन हिंडणारी माणसं! सही बघून आनंद घ्या की जरा.

शाईवाला

डागाळलेल्या चेंडूचा तुम्ही घ्या.

नववाडाव

दोघेही शांत व्हा. शाईपेक्षा मोठा पुरावा चेंडूवरच छापलेला असतो, त्याचं कुणी नाव काढलं नाही. एमएलबीत दोन लीग, अमेरिकन आणि नॅशनल. १९९९ पर्यंत चेंडूवर त्या त्या लीगच्या अध्यक्षाची छापील सही असायची, २००० च्या हंगामापासून कमिशनरची, म्हणजे अख्ख्या एमएलबीच्या प्रमुखाची. अमेरिकन लीगला १९३१ ते १९५९ हॅरिज, मग १९७३ पर्यंत क्रोनिन. नॅशनलला १९५१ ते १९६९ जाइल्स, १९७० ते १९८६ फीनी. जुना महान खेळाडू बेब रूथ ऑगस्ट १९४८ मध्ये गेला. क्रोनिनच्या चेंडूवर रूथची सही असेल तर ती कुणी केली ते विचारूही नका. तसंच पेनाचं. अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं ऑक्टोबर १९४५ ला. रूथच्याच संघातला लू गेरिग १९४१ मध्येच गेलेला, म्हणजे बॉलपेनातला गेरिग बाद. शार्पी १९६४ चा, म्हणजे शार्पीतला रूथ तर विनोदच. १९७४ पासून घोड्याच्या कातड्याऐवजी गाईचं. नॅशनल लीगच्या चेंडूवर कंपनीचा शिक्का १९७६ पर्यंत स्पॉल्डिंगचा, १९७७ पासून रॉलिंग्जचा. एवढं पाठ असलं तर पुष्कळ खोटा माल स्टिकरपर्यंत पोचतच नाही.

डॉलरवाला

पाठांतर छान. पण वर्ल्ड सिरीजच्या (दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेच्या) चेंडूवर २००० च्या आधीही कमिशनरची सही असायची. ते लक्षात न घेता २००० आधीचा कमिशनरवाला प्रत्येक चेंडू तुम्ही बाद करणार? नवशिक्याला अर्धं ज्ञान देऊन फसवू नका.

नववाडाव

बरोबर, तो अपवाद राहिला. त्या चेंडूवर ‘वर्ल्ड सिरीज’ असं छापलेलं असतं, वाचता येत असेल तर अडचण नाही.

कुंपणकर

आणि जेएसए-बेकेटबद्दल वर जे मी ‘नेहमीचा’ म्हटलं ते मुद्दाम. त्यांचेही समोर पाहून दिलेले स्टिकर असतात, उदाहरणार्थ बेकेटवर ‘विटनेस्ड’ लिहिलेलं असतं. ते आणि एमएलबीचं, एवढ्यालाच मी पुरावा म्हणेन. म्हणजे डॉलरवाल्यांचं अर्धं बरोबर. उरलेलं अर्धं त्यांनी विकत घेतलेलं दिसतंय.

डॉलरवाला

टोमणा पोचला. असो. एकाकडे जुन्या नामवंत खेळाडूचा, क्लेमेंटेचा, चेंडू आहे, नॅशनल लीग, फीनीची छापील सही, निळं बॉलपेन, स्वीट स्पॉटवर, सोबत प्रमाणपत्र. नववाडाव, तुमच्या कोष्टकात बसतो का?

नववाडाव

क्लेमेंटे ३१ डिसेंबर १९७२ ला विमान अपघातात गेला, फीनी १९७० पासून. म्हणजे तीन हंगामांची खिडकी आहे, बसू शकतो. चामडं घोड्याचं हवं. कंपनीचा शिक्का कुणाचा आहे?

डॉलरवाला

रॉलिंग्ज.

शाईवाला

आणि प्रमाणपत्र कुणाचं?

डॉलरवाला

विक्रेत्याचं स्वतःचं. सोनेरी काठाचं आहे.

नववाडाव

पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर कार्डाने दिले होते का ते आधी बघा, तक्रारीची मुदत असते.