प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर भजनाला आणि मित्रांत परत कसे जावे?

प्रश्न (फलटण तालुका, निवृत्त शिक्षक, वय ६६)

सर्वांना नमस्कार. माझी प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन पाच आठवडे झाले. भाद्रपदात रात्री वारंवार लघवीला उठावे लागते म्हणून तपासणी केली, तेव्हा रक्तातील पीएसए (याच ग्रंथीत तयार होणारे प्रथिन) वाढलेला, ११.४ आला. पुढे एमआरआय आणि बायोप्सी झाली, त्यात ग्लीसन (कर्करोग किती आक्रमक आहे याची श्रेणी) ३+४ निघाला आणि हाडांच्या स्कॅनमध्ये काही आढळले नाही. पुण्यात रोबोटच्या साहाय्याने संपूर्ण ग्रंथी काढली, अकराव्या दिवशी लघवीची नळी काढली आणि काढलेल्या ग्रंथीच्या कडा स्वच्छ असल्याचा, म्हणजे कडांवर कर्करोग नसल्याचा अहवालही आला. शस्त्रक्रियेनंतरची पीएसएची पहिली तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. डॉक्टर समाधानी आहेत, मुलगा समाधानी आहे आणि मीही कृतज्ञ आहे.

तरीही एका गोष्टीने मन खाली बसले आहे. नळी निघाल्यापासून लघवीवर ताबा नाही. झोपलो असताना बराचसा कोरडा असतो, पण उठलो, खोकलो किंवा थोडे चाललो की गळते आणि संध्याकाळी तर अधिकच. दिवसाला चार पॅड लागतात. गळती कमी व्हावी म्हणून मी पाणी पिणेही बरेच कमी केले आहे.

मी माळकरी आहे. बावीस वर्षे आमच्या दिंडीत टाळकरी म्हणून आळंदीहून पंढरपूरपर्यंत चाललो आणि गावातल्या विठ्ठलमंदिरातील संध्याकाळचे भजन सहसा चुकवले नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी माळ काढून पत्नीजवळ दिली होती, ती अजून देवघरात आहे. अंगावर ओले पॅड असताना ती गळ्यात घालायला मन धजत नाही. दोन आठवड्यांपूर्वी धीर करून भजनाला गेलो, तर आरतीला उभा राहताच धोतर भिजले. कोणाच्या लक्षात यायच्या आत मागच्या दाराने घरी आलो आणि त्यानंतर गेलो नाही. दिंडीतले चार जवळचे मित्र घरी येऊन गेले. त्यांना मी ‘किरकोळ ऑपरेशन होते’ एवढेच सांगितले आहे. आता ते आले की मी झोपल्याचे पत्नी सांगते, आणि तिला हे खोटे बोलायला लावल्याचे मला फार वाईट वाटते.

ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना विचारतो की हे किती दिवस चालते, मित्रांना सांगावे का, आणि अशा अवस्थेत देवळात बसणे योग्य आहे का? येत्या आषाढीला चालता येईल अशी आशा धरावी का?

उत्तर १ (नाशिक, वय ७१, शस्त्रक्रिया २०१८)

गुरुजी, आधी पाणी वाढवा. ही चूक मी स्वतः केली होती. पाणी कमी केले की लघवी घट्ट आणि दाहक होते, त्याने मूत्राशय अधिक चाळवते, वेग आवरत नाही आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. कमी करायचाच असेल तर चहा करा. मी सकाळचा एक कप ठेवला आणि बाकीचे सोडले.

हे का होते ते मला समजले तेव्हा माझी निम्मी भीती गेली, म्हणून सांगतो. लघवी रोखून धरायला पुरुषाला दोन झडपा असतात, असे समजा. वरची मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि तिचे काम आपल्या नकळत चालते. प्रोस्टेट त्याच जागी असल्याने ग्रंथीबरोबर त्या झडपेचा आधार जातो आणि सगळा भार खालच्या स्नायूवर येतो, ज्याला आयुष्यभर एवढे काम कधी पडलेलेच नसते. दिवसभर ताण सोसून तो संध्याकाळी थकतो, म्हणून तुम्हाला संध्याकाळी जास्त गळते. रात्री आडवे असताना कोरडे राहता, हे चांगले लक्षण आहे. बहुतेकांची गळती तीन महिन्यांपासून वर्षभरात पुष्कळ कमी होते. पाचव्या आठवड्यात चार पॅड लागणे यात काहीही वेगळे नाही.

व्यायाम मात्र नेमाने करावा लागतो. वायू रोखून धरताना जो स्नायू आत आणि वर ओढला जातो तोच आवळायचा, पाच ते दहा सेकंद धरायचा आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आणि श्वास मोकळे ठेवायचे. योगासने करणाऱ्यांना हे मूलबंधासारखे वाटेल, पण इथे श्वास कोंडायचा नाही. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करू नका. शक्य असेल तर या विषयाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टला एकदा तरी दाखवा, कारण मी पहिला महिनाभर चुकीचा स्नायू आवळत होतो. आणि तुमच्या आरतीच्या प्रसंगाबद्दल: मांडी घालून बसलेल्या माणसाने उठताना पोटावर दाब येतो. उठण्याच्या आधी स्नायू आवळा, आवळलेला ठेवूनच उठा, उभे राहिल्यावर सोडा. खोकला किंवा शिंक येण्याआधीही तसेच. वरच्या पट्टीत अभंग म्हणतानाही हाच दाब येतो, तेव्हा सुरुवातीला टाळ धरा आणि आवाज बेताचा ठेवा.

मला फिजिओथेरपिस्टने स्वयंपाकघरातल्या काट्यावर पॅडचे वजन करायला सांगितले होते. कोरड्या पॅडचे वजन वजा केले की जितके ग्रॅम उरतात तितकी मिलिलिटर गळती. पहिल्या आठवड्यात माझा दिवसाचा आकडा ४०० ग्रॅमच्या पुढे होता, तिसऱ्या महिन्यात ६० वर आला. रोजच्या रोज माणसाला सुधारणा जाणवत नाही, वहीत मात्र ती दिसते.

आता मित्रांविषयी. मीही पहिले दोन महिने कोणाला सांगितले नाही. एके दिवशी सकाळी फिरायला येणाऱ्या मित्राने सरळ विचारले, आणि मी पायरीवर बसून त्याला सगळे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून तो सहा वाजता दारात उभा. पहिल्या दिवशी आम्ही फक्त कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेलो. मग त्याने आमच्या पाच जणांच्या फिरण्याचा रस्ताच बदलला आणि सार्वजनिक शौचालय लागेल असा निवडला. बाकीच्यांना कारण सांगितले नाही, पुढे मीच सांगितले. तो आपल्या पिशवीत माझ्यासाठी दोन पॅड आणि एक जुनी पॅण्ट ठेवत असे. त्या पिशवीची गरज मला तीनदाच पडली, पण ती बरोबर आहे एवढ्यानेच मी घराबाहेर पडू शकलो. माझे बरे होणे मी शस्त्रक्रियेच्या तारखेपासून मोजत नाही, त्या पायरीवरच्या सकाळपासून मोजतो.

सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत जड काही उचलू नका आणि सायकल, दुचाकी डॉक्टर हो म्हणेपर्यंत टाळा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका; एकादशीला साबुदाण्याऐवजी फळे आणि ताक घ्या. ताप, थंडी, एका पायाला सूज किंवा पोटरीत दुखणे, अचानक दम लागणे किंवा लघवीची धार दिवसेंदिवस बारीक होणे, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

उत्तर २ (कोल्हापूर, यजमानांची शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी)

मी तुमच्या पत्नीच्या बाजूने लिहिते. ‘ते झोपले आहेत’ असे मीही चार महिने सांगत होते. दारात उभ्या असलेल्या माणसाला परत पाठवून आत आले की ते डोळे मिटून पडलेले असत आणि आम्ही दोघेही त्याबद्दल बोलत नसू. आजारापेक्षा त्या न बोलण्यानेच मी जास्त थकले. गुरुजी, मित्रांना सांगाल तेव्हा सांगाल; आज आधी वहिनींजवळ बसा आणि तुम्हाला काय वाटते ते त्यांना सांगा.

आणखी एका गोष्टीविषयी इथे सहसा कोणी लिहीत नाही. या शस्त्रक्रियेनंतर पतिपत्नीच्या संबंधांतही बदल होतो. ग्रंथीच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या बारीक नसा वाचवल्या तरी त्या सावरायला वर्ष, दीड वर्ष, कधी दोन वर्षेही लागतात. यावर उपचार आहेत, मात्र डॉक्टरांनी आपणहून विषय काढला नाही तर आपण काढावा लागतो. आमच्या घरी तो मी काढला. त्या दिवशी यजमान माझ्यावर रागावले, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा मोकळेपणाने रडले.

उत्तर ३ (सोलापूर जिल्हा, वय ५८, विणेकरी)

रामकृष्णहरी माउली. औषधपाण्याचे वरच्यांनी सांगितले आहे. मी फक्त तुमच्या देवळाच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण मला वाटते की खरा प्रश्न तोच आहे आणि तो तुम्ही शेवटी शेवटी विचारलात.

तुम्ही बावीस वर्षे चाललात. दिवे घाटात पाऊस अंगावर घेऊन चिखलाने भरलेली माणसे एकमेकांच्या पाया पडतात, हे तुम्ही पाहिले आहे. लोणंदला, फलटणला तंबूत शेजारी झोपलेल्या म्हाताऱ्याचे अंथरूण रात्री ओले झाले तर तुम्ही काय केलेत? माझी खात्री आहे की तुम्ही ते धुतले असेल किंवा आपली घोंगडी त्याला दिली असेल. तो अपवित्र झाला, आता त्याने टाळ धरू नये, असे तुमच्या मनातही आले नसेल. आमच्या दिंडीत पाळी आलेल्या बायांना कोणी काही विचारत नाही, हात थरथरणाऱ्याला रांगेतून काढत नाहीत. जो नियम आपण दुसऱ्याला कधी लावला नाही तो स्वतःला लावू नका.

माझ्या वडिलांच्या कर्करोगाच्या उपचारासाठी आम्ही परळला टाटा रुग्णालयात जात होतो आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होतो. तिथे नाकात नळी असलेली, पोटाला पिशवी लावलेली माणसे संध्याकाळी भजनाला बसत. मी तेव्हा तरुण होतो आणि सोवळ्याओवळ्याचे बरेच काही डोक्यात होते, ते तिथे गळून गेले. ज्या बाबांच्या नावाने ती वास्तू उभी आहे त्यांनी यात्रेच्या गर्दीत चंद्रभागेचे वाळवंट झाडले, लोकांची घाण उचलली आणि त्यालाच देवाची सेवा म्हटले. त्यांच्यापुढे तुमच्या एका पॅडचे काय?

माळेबद्दल एवढेच सांगतो की ती शस्त्रक्रियेसाठी उतरवली होती, तुमच्याकडून काही घडले म्हणून नाही. आपल्या फडाच्या महाराजांना सरळ विचारा. ते काय म्हणतील हे मला माहीत आहे, पण ते तुम्हाला त्यांच्या तोंडून ऐकायला हवे.

उत्तर ४ (वसई, वय ६३)

मी ख्रिस्ती आहे, पण गुरुजींचे दुःख मला नेमके कळले. नळी निघाल्यावर मी दोन महिने रविवारच्या मिस्साला गेलो नाही, कारण गुडघे टेकून उठताना गळत असे. एक मित्र मला चर्चमध्ये शेवटच्या बाकाच्या कडेला, दाराजवळ जागा धरून ठेवू लागला आणि फादरांनी सांगितले की मी बसूनच प्रार्थना करावी. देवळातही खांबाजवळची अशी एखादी जागा असेलच.

पीएसएच्या तपासणीविषयी: सहा ते आठ आठवड्यांनी करतात, कारण रक्तातला जुना पीएसए निघून जायला तेवढा वेळ द्यावा लागतो. ग्रंथीच नसल्याने आकडा ०.१ पेक्षा कमी यावा अशी अपेक्षा असते. ०.२ किंवा त्याहून अधिक आकडा आला आणि पुन्हा तपासल्यावरही तसाच राहिला तरच पुढचा विचार होतो, आणि तेव्हाही रेडिएशनचा मार्ग असतो. प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासणी करा. निरनिराळ्या ठिकाणचे आकडे थोडे वेगळे येतात आणि माणूस उगीच घाबरतो.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी एवढ्या मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार मानायला शब्द अपुरे आहेत. कोल्हापूरच्या ताईंचे उत्तर मी पत्नीला वाचून दाखवले. ती काही वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, ‘आता तुम्ही जागे आहात असेच सांगेन.’

परवा दिंडीतला माझा सर्वांत जुना मित्र आला, तेव्हा मी त्याला आजाराचे नाव, शस्त्रक्रिया, गळती, आरतीच्या दिवशीचा प्रसंग, सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि हळूच सांगितले की त्याच्या थोरल्या भावाचे हेच ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झाले आहे. घरातल्यांखेरीज ते कोणालाच माहीत नाही आणि ते अजून कोणाच्या लग्नकार्याला जात नाहीत. आता आम्ही दोघे रविवारी त्यांना भेटायला जाणार आहोत आणि नाशिककरांनी लिहिलेला व्यायाम मी कागदावर उतरवून घेतला आहे.

काल संध्याकाळी भजनाला गेलो. मित्राने मला उत्तरेकडच्या दाराजवळच्या खांबाला टेकून बसवले आणि आरतीला मी बसूनच हात जोडले. कोणी काही विचारले नाही. माळ अजून देवघरातच आहे. महाराज पुढच्या एकादशीला गावात येणार आहेत, तेव्हा त्यांच्याशी बोलेन. आषाढीबद्दल डॉक्टरांना फोनवर विचारले. ते म्हणाले की रोजचे चालणे हळूहळू वाढवा, सहा महिन्यांनी पाहू आणि सगळा रस्ता नाही तरी काही टप्पे चालायला हरकत नसावी. मित्राने लगेच लोणंद ते फलटण हे टप्पे ठरवूनही टाकले.

पीएसएसाठी रक्त शुक्रवारी देणार आहे, अहवाल आला की इथेच कळवतो. पाणी पूर्ववत केले आहे. पॅडच्या वजनाची वही पत्नीने सुरू केली आहे. कालचा आकडा २१० ग्रॅम.